तार तुटल्यावरचा टीव्ही : अमरावती आणि अकोला

१३ नोव्हेंबर २०२१ या शनिवारी अमरावती शहरात संचारबंदी लागू झाली आणि आंतरजाल बंद करण्यात आले. आदल्या दिवशी, त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चाच्या वेळी दगडफेक आणि मोडतोड झाली होती. शनिवारी तिच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला, राजकमल चौकात मोठा जमाव जमला आणि पुन्हा तेच घडले. हा तपशील वृत्तपत्रांत सविस्तर आलेला आहे, तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला सांगायची आहे ती त्या संध्याकाळची एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक अमरावतीत, दुसरा अकोल्यात. मध्ये सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. याच रस्त्याच्या ७५ किलोमीटरांवर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबराचा थर टाकून गिनीज विक्रम करण्यात आला. (विक्रमापूर्वीची कित्येक वर्षे त्या रस्त्यावर आमची हाडे कशी खिळखिळी झाली, त्याची नोंद मात्र कोणत्याही पुस्तकात नाही.) तर त्या संध्याकाळी अमरावतीकराच्या घरी खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “सर, आमचा टीव्ही काऊन बंद पडला जी? पोरगा म्हन्ते, नेट गेलं तं टीव्ही बी गेला. तुमच्या इथं तं आवाज येऊन रायला.”

काकूंच्या घरी नवा, भिंतीवरचा टीव्ही होता. केबलचे पैसे वाचवावेत म्हणून मुलाने जोडणी काढून टाकली होती आणि टीव्हीला त्याच्या भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटवरून आंतरजाल मिळे. मालिका, बातम्या, क्रिकेट सारे त्यावरच. आमच्याकडे मात्र छतावर वडिलांनी बसवलेली जुनी छत्री गंजत का होईना उभी होती, आणि तिचे तोंड अजून आग्नेयेकडे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे होते. दूरदर्शनची ती फुकट सेवा, डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली आणि आता ‘फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी. तिला वर्गणी लागत नाही, आंतरजाल लागत नाही. काकू आत येऊन बसल्या. त्यांना मालिका पाहायची नव्हती. त्यांची बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिकडे काय चालले आहे हे त्यांना पाहायचे होते. बातम्यांत आमचेच शहर दिसत होते. पेटलेली दुकाने, धावणारी माणसे, पोलिसांची वाहने, आणि तीच दृश्ये पुन्हा पुन्हा. काही वेळाने काकूंनी विचारले, “हे आताचं हाय, का सकायचं?”

पडद्याच्या कोपऱ्यात ‘थेट’ असे लिहिलेले होते. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. पुढे दीड वर्षाने, शनिवार दि. १३ मे २०२३ रोजी, अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली आणि आंतरजाल बंद झाले, तेव्हा अकोलेकराच्या घरीही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला. वार तोच, तारीखही तीच. घरातला टीव्ही कोठून येतो, तो कोणाच्या हातात असतो आणि ‘आताचे’ कशाला म्हणायचे, याचा वऱ्हाडापुरता इतिहास मांडून पाहावा असे आम्हांला तेव्हापासून वाटू लागले.

प्रारंभी कायद्याचे थोडक्यात. आंतरजाल बंद करण्याचा अधिकार ज्या नियमांनी दिला ते नियम ७ ऑगस्ट २०१७ चे. पण त्यांचा आधार होता १८८५ चा भारतीय तार कायदा. म्हणजे देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद पडली, आणि तारेचा कायदा मात्र त्यानंतर आंतरजालाचा गळा धरण्याच्या कामी आला! या नियमांनुसार आदेश राज्याच्या गृहसचिवाने काढायचा आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा. २०२० च्या दुरुस्तीने एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवसांची केली. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम आले. ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीनुसार २०२१ मध्ये भारतात किमान १०६ वेळा आंतरजाल बंद झाले, त्यांपैकी किमान ८५ वेळा जम्मू-काश्मीरमध्ये. २०२३ मध्ये हा आकडा ११६ होता. अमरावती आणि अकोला हे त्या मोठ्या यादीतले दोन लहान ठिपके.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी या प्रकरणात एक गंमत दडलेली आहे. काश्मीरमधल्या बंदीवरून झालेल्या अनुराधा भसीन खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी दिला. अनिश्चित काळासाठी आंतरजाल बंद ठेवता येणार नाही, आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी कारणाच्या प्रमाणात असली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. निकालपत्राचा प्रारंभ डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीच्या सुप्रसिद्ध पहिल्या परिच्छेदाने होतो. आणि निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींपैकी एक होते न्या. भूषण गवई, मूळ अमरावतीचे, जे पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. दोन शहरांच्या गोष्टीत आमचे शहर असे अनपेक्षित दाराने आधीच शिरलेले होते.

तार तोडण्याचा इतिहासही उलटसुलट आहे. १९४२ मध्ये तारा तोडत होते ते लोक, आणि त्या जोडून घेण्यासाठी धावत होते ते सरकार. त्याच वर्षी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी चोरून काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्यांना अटक झाली ती १२ नोव्हेंबरला. अमरावतीत पहिली ठिणगी पडली तीही १२ नोव्हेंबरला. अशा योगायोगांना फारसा अर्थ नसतो, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. तरी ते दिसले की हात थांबतोच.

आता टीव्ही. वऱ्हाडात तो उशिराच पोहोचला. १९७५-७६ मधला उपग्रह-शिक्षणाचा प्रसिद्ध प्रयोग सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत झाला, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. मुंबई केंद्र १९७२ चे; मात्र मुंबईच्या लहरी वऱ्हाडापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंग आला, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, आणि १९८४ च्या सुमारास देशभर लहान शक्तीचे प्रक्षेपक धडाधड उभे राहू लागले. आमच्या पिढीच्या पहिल्या आठवणी त्यानंतरच्या, म्हणजे ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिकांच्या रविवार-सकाळच्या. छपरावर एकजण अँटेना फिरवतो आहे, खिडकीत दुसरा उभा राहून “आलं, आलं... गेलं!” असे ओरडतो आहे, आणि आत पंचवीस-तीस माणसे मुंग्यांच्या वादळाकडे पाहत बसली आहेत, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याला ‘प्रक्षेपण’ या शब्दाचा अर्थ नीट कळणार नाही असे आमचे प्रामाणिक मत आहे. त्या टीव्हीत साठवलेले काहीच नव्हते. जे येत होते ते येत होते. चुकले की चुकले. ‘थेट’ हा शब्द तेव्हा कोणी वापरत नसे, कारण न-थेट असे दुसरे काही घरात नव्हतेच.

साठवणीचा प्रकार आला तो व्हीसीआरबरोबर. लग्नाच्या, बारशाच्या, गणपतीच्या निमित्ताने व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा, रात्रभरात तीन चित्रपट पाहायचे आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी सामान परत करायचे. आणि मग, आखाती युद्धाच्या १९९१ या वर्षापासून पुढे, गल्लीत अवतरला केबलवाला.

या केबलवाल्याविषयी जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या समजुतीप्रमाणे आज ज्याला ‘घरचा मीडिया सर्व्हर’ म्हणतात त्याचा आमच्याकडचा खरा पूर्वज तोच आहे. अमेरिकन इतिहास वाचला तर या वंशावळीचा आरंभ एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी २००२ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी लिहिलेल्या आज्ञावलीपासून होतो. तिच्यातून पुढे कोडी, प्लेक्स वगैरे शाखा फुटल्या. ते खरेच आहे. परंतु आमच्या मोहल्ल्यातल्या केबलवाल्याच्या खोलीत त्याआधी दहा वर्षे काय होते? गच्चीवर भली मोठी जाळीची छत्री. खोलीत लाकडी फळ्यांवर एकावर एक रचलेले रिसीव्हर. एका कोपऱ्यात व्हीसीआर आणि कॅसेटींची चवड. टेबलावर एक जुना टीव्ही, काय चालले आहे ते तपासण्यासाठी. आणि या सर्वांतून निघून विजेच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांतून, कोणाच्याही परवानगीवाचून घरोघर गेलेली काळी तार. थेट आणि साठवलेले एकाच खोलीत, एकाच तारेवर. उपग्रहाचा सिग्नल ढगांत हरवला की केबलवाला शांतपणे एखादी कॅसेट लावी. सिनेमाच्या मध्येच चित्र थरथरू लागले की दहा घरांतून दहा मुले धावत जाऊन “भाऊ, हेड साफ करा” असा निरोप देत. दिवाळीला तोच भाऊ मोहल्ल्यातल्या मुलांच्या नाटकाचे चित्रण रात्री दाखवी. शहरात काही अघटित घडले की स्थानिक वाहिनीवर हाताने लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला जाई. पाणी कधी येणार, कोणाचे निधन झाले, उद्या शाळा आहे की नाही.

हा काळ आदर्श होता असे मुळीच सुचवायचे नाही. ते सिनेमे बहुतेक चोरीचे असत, आणि दंगलीच्या दिवशी त्या हाताने लिहिलेल्या कागदाने अफवाही पसरू शकत होती. म्हणून तर १९९५ चा केबल कायदा आला. त्यात जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना प्रक्षेपण रोखण्याचे अधिकार आहेत. पण आमचा मुद्दा वेगळा. खोली चालवणारा माणूस कोण हे सर्वांना ठाऊक होते. काकूंचा तो प्रश्न, ‘आताचे की सकाळचे’, त्या काळी सरळ जाऊन विचारता आला असता, आणि त्याला उत्तरही मिळाले असते.

पुढचा टप्पा भराभर सांगण्याजोगा आहे. खाजगी मराठी वाहिन्या १९९९-२००० पासून, चोवीस तास मराठी बातम्या २००७ पासून. याच वर्षांत वऱ्हाडातले भारनियमन असे होते की चोवीस तासांची बातमी चोवीस तास पाहणे ग्रामीण भागात कोणालाच शक्य नव्हते. विजेच्या वेळापत्रकावरून लोक लग्नाचे मुहूर्त काढीत, ही फक्त अर्धीच अतिशयोक्ती. मग केबलचे सक्तीचे अंकीकरण. मोठ्या शहरांनंतर अमरावती-अकोल्यासारख्या नगरांची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ची ठरली आणि न्यायालयीन स्थगितींमुळे काहीशी लांबली. केबलवाल्याची खोली रिकामी झाली. तो आता दूरच्या कंपनीच्या पेट्या विकणारा आणि पैसे गोळा करणारा प्रतिनिधी झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि काही वर्षांत टीव्ही हे भ्रमणध्वनीचे मोठे भावंड बनले. दरम्यान दूरदर्शनचे जुने मनोरेही गप्प होत होते. २०२१ च्या ऑक्टोबरात प्रसार भारतीने सांगितले की जमिनीवरून चालणाऱ्या जुन्या प्रक्षेपकांपैकी सुमारे ७० टक्के बंद करून झाले आहेत आणि मोक्याच्या जागचे पन्नासेक वगळता उरलेलेही ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. तंत्र कालबाह्य झाले होते, पाहणारे उरले नव्हते, हे कारण योग्यच आहे. तरीही ही घोषणा ऑक्टोबरातली आणि अमरावतीचे आंतरजाल गेले ते नोव्हेंबरात. ज्या टीव्हीला छपरावरची एक काडी पुरत असे तो टीव्ही आमच्याकडून नेमका त्या हंगामात निरोप घेत होता.

नोव्हेंबरच्या त्या दिवसांत आम्हांला आणखी एक चटका बसला. २०१६ मध्ये आमच्या विद्यार्थ्यांनी दर्यापूर तालुक्यातल्या एका वृद्ध बाईंकडून जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. चाळीस तुकडे, काही अर्ध्या मिनिटाचे, काही दहा मिनिटांचे. बाई २०१९ मध्ये गेल्या. ध्वनिमुद्रणे आंतरजालावरच्या साठवणीत, एका संस्थेने दिलेल्या खात्यात होती. संचारबंदीत घरी बसून त्यांचे लिप्यंतर पुरे करावे असा बेत होता. खाते अर्थातच उघडेना. आंतरजाल परत आल्यावर पहिले काम म्हणजे सर्व उतरवून घेणे, असे आम्ही एकमेकांना बजावले. आणि मराठीच्या प्राध्यापकांना शोभेल अशा रीतीने ते पुढे ढकलले. २०२२ च्या मध्यावर त्या संस्थेने जुनी खाती बंद केली. पूर्वसूचनेचे पत्र आले होते; ते आम्ही दोघांनीही उघडले नव्हते. चाळीस ओव्या गेल्या. हा दोष कोणाच्या माथी मारायचा तर अर्धा आमच्याच.

घरचा सर्व्हर आम्ही बसवला तो या फटक्यानंतर, टीव्हीच्या हौसेने नव्हे. यात गूढ काही नाही. घरातला जुना संगणक, त्याला दोन टेराबाइटची तबकडी, आणि जेलीफिन नावाची मोफत आज्ञावली, जी डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या आज्ञावलीतून फुटून निघाली, कारण एम्बीने आपला मूळ संकेत सर्वांसाठी खुला ठेवणे थांबवले होते. अकोल्यात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरला. फ्री डिशच्या छत्रीची तार एका ट्यूनरला जोडली आणि टीव्हीहेडएंड ही आज्ञावली तिच्यातल्या वाहिन्या घरच्या वायफायवर सोडू लागली. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आम्हांलाही होता. वायफाय म्हणजे आंतरजाल नव्हे. बाहेरची तार तुटली, सरकारने बंद केली किंवा रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने तोडली (हे तिसरे कारण आमच्याकडे सर्वांत नित्याचे), तरी राउटर चालू असेल तर घरातली यंत्रे एकमेकांशी बोलतच राहतात. स्वयंपाकघरातल्या फोनला दिवाणखान्यातला संगणक सापडतो. अडते ते दुसरीकडे. पुष्कळ सेवा आणि काही सर्व्हरसुद्धा, दाखवायचे चित्र तुमच्याच तबकडीवर असले तरी, ‘तुम्ही कोण’ हे विचारायला दूरच्या कार्यालयाकडे जातात. ते कार्यालय लागले नाही की स्वतःच्याच घरात मालक परका होतो. नवे टीव्ही तर पहिल्या पडद्यावरच अडून बसतात. म्हणून जी आज्ञावली परवानगीसाठी दाराबाहेर जात नाही ती आम्ही निवडली.

तरीही फजिती व्हायची ती झालीच. मे २०२३ मध्ये अकोल्यात आंतरजाल बंद असतानाच वीजही गेली. त्या उकाड्यात त्याचे नवल नव्हते. वीज आली, सर्व्हर सुरू झाला, छत्रीवरून वाहिन्याही दिसू लागल्या. अकोलेकराने सह्याद्रीच्या संध्याकाळच्या बातम्या ध्वनिचित्रमुद्रित करायला लावल्या, कारण पुढे कधीतरी हे वर्गात दाखवावे लागेल. रात्री उघडून पाहिले तर बातम्यांच्या जागी कुठलासा गाण्यांचा कार्यक्रम. कारण शोधता कळले की या चिमुकल्या संगणकात स्वतःचे घड्याळच नसते. तो वेळ आंतरजालावरून मागून घेतो, आणि ते नसेल तर जेथे बंद पडला त्याच क्षणापासून पुन्हा मोजू लागतो. वीज तीन तास गेली, आमचा सर्व्हर तीन तास मागे राहिला. ‘आताचे की सकाळचे’ हे यंत्रालाच कळेनासे झाले होते! उपाय मात्र जवळच होता. उपग्रहावरून येणाऱ्या प्रक्षेपणात चित्र आणि आवाजाबरोबर वेळही येत असते. आज्ञावलीत एक खूण केली की घड्याळ त्यावरून लागते. पूर्वी घरोघर आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळे लावीत, त्यातलाच हा प्रकार.

त्या रात्री आणि पुढच्या दिवशी अकोलेकराच्या घरी गल्लीतले सात-आठ लोक येऊन बातम्या पाहून गेले. त्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, भाबडेपणाने नव्हे. त्यांच्यातले संभाषण अवघडलेलेच होते. पण टीव्हीवर गल्लीचे नाव आले, दृश्य मात्र दुसऱ्याच भागाचे दिसले, तेव्हा दोन्हीकडची माणसे एकदम म्हणाली, “हे आपलं नाही.” ती दुरुस्ती करायला ते सर्व एका खोलीत असावे लागले. फोनवर प्रत्येकाने एकेकट्याने ते पाहिले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. आंतरजाल बंद करणारे शासन हाच युक्तिवाद करते आणि तो पूर्णतः खोटा नाही. अकोल्याची ठिणगी समाजमाध्यमावरच पडली होती. परंतु आंतरजाल गेल्यावर अफवा थांबते असे आम्हांला दिसले नाही. ती पायी चालू लागते, एवढेच. आणि तिला खोटी ठरवण्याचे साधन ज्याच्या घरी गंजकी छत्री आहे त्याच्याकडेच उरते. बंदीचा आदेश काढताना या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय पडते हे कोणी मोजत असेल, असे आम्हांला वाटत नाही. आता आंतरजालावाचून थेट फोनवर प्रक्षेपण पोहोचवण्याचे प्रयोग प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी केले आहेत. ते वऱ्हाडात कधी आले तर या लेखातली छत्री निकालात निघेल. निघाली तर दुःख नाही.

वाचकांतल्या महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांना एव्हाना एक गोष्ट आठवली असेल. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. म्हाइंभटाने गावोगाव हिंडून, ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडून चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. ‘लीळाचरित्रा’चा काळ साधारण १२७८ चा मानतात. पंथाची परंपरा सांगते की खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि मग ज्यांना जे पाठ होते त्यावरून ती पुन्हा सिद्ध करण्यात आली. हिराइसेचे पाठांतर त्यात अग्रगण्य, म्हणून ‘हिराइसापाठ’. पुढे पाठांचे पाठ झाले, त्यांत भेद पडले, आणि त्या भेदांतून वाट काढीत वि. भि. कोलत्यांनी १९७८ मध्ये आपली आवृत्ती सिद्ध केली. एका पोथीवर विसंबून राहिले असते तर मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ आज नावापुरताच उरला असता. ती वाचली ती अनेक डोक्यांत तिच्या प्रती असल्यामुळे. सदोष, एकमेकींशी न जुळणाऱ्या, पण जवळच्या.

आमच्या ओव्यांचेही काहीसे असेच झाले. २०१६ च्या त्या तुकडीतल्या मुलांना आम्ही एकेकाला फोन केले. बहुतेकांचे फोन दोनदा-तीनदा बदलून झाले होते. एकजण आता अंजनगावला मोबाइल-दुरुस्तीचे दुकान चालवतो. पूर्वी तो मेमरी कार्डात गाणी भरून देई. त्याच्या खणातल्या एका जुन्या कार्डावर अकरा ओव्या सापडल्या. दुसऱ्या विद्यार्थिनीला चार ओव्या तोंडपाठ होत्या. तिने त्या आपल्या आवाजात म्हणून पाठवल्या, पण त्यांतल्या दोन त्या अकरांत आहेत आणि शब्द जुळत नाहीत. तिचे चुकले की बाईंनीच दोन वेळा दोन प्रकारे म्हटले, हे ठरवणे कठीण आहे. दोन्ही पाठ ठेवले आहेत.

अकरा आणि चार, असे पंधरा तुकडे आता अमरावतीच्या संगणकात, अकोल्याच्या तबकडीत आणि त्या दुकानातल्या खणात आहेत. महिन्यातून एकदा आमच्यापैकी एकजण विक्रमी रस्त्याने दुसऱ्याकडे जातो तेव्हा खिशात एक पेन ड्राइव्ह असतो. यंदा एम.ए.च्या वर्गात त्यांतली सातव्या क्रमांकाची ओवी लावली. बाईंच्या आवाजामागे जात्याची घरघर नाही, कारण जाते केव्हाच अंगणात उलटे पडले होते. बाईंनी नुसतेच म्हणून दाखवले. मात्र नीट कान दिला तर आतल्या खोलीतला टीव्ही ऐकू येतो. क्रिकेटचा सामना चालू आहे, समालोचक कोणाचा तरी झेल सुटल्याचे सांगतो आहे आणि घरातले कोणीतरी चुकचुकते आहे. मुलांनी ओवीचा अर्थ विचारण्याआधी तो सामना कोणता, हे विचारले. ध्वनिमुद्रणाची तारीख कार्डावर उरलेली नाही, त्यामुळे सामना ओळखता आला तर तारीखही कळेल. वर्गातल्या दोघांनी ते काम अंगावर घेतले आहे.